बोर्डोची सोलकढी

मु. पोशीर, माघ वद्य पंचमी

राजमान्य राजश्री नवशादादा यांसी, मेहुणा हिरू याचा हात जोडून रामराम. इकडे सर्व खुशाल. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, आणि मुंबईच्या तुमच्या साहेबाचं पोटही ताळ्यावर असेल, अशी आशा आहे (ते बिघडलं की खानसामा म्हणून बोलणी तुम्हालाच बसतात). तुमची बहीण पारू मध्ये सर्दीने बेजार होती. ही सर्दी ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या पोरीचं, आवडीचं, लग्न साजगावात जमत होतं. मुलगा सोन्यासारखा, पण बाप जैतूबा म्हणजे महाकडक. जर्मन लढाईत फ्रान्सात राहून आले, तेव्हापासून म्हणे त्यांनी दारूच्या नावाने आंघोळ केली. व्याह्याच्या तोंडाला ताडीचा वास आला म्हणून एक सोयरीक त्यांनी ऐन हळदीत मोडली. म्हणून ते सुपारी फोडायला येणार त्या दिवशी मी शेजारच्या कमळ्याला (याच्या श्वासावर दिवा पेटेल) गोड बोलून नेरळच्या बाजारी पाठवला.

आता तुमची बाटली. साहेबाने दिली म्हणून आमच्याकडे ठेवायला आणलीत, तेव्हा ओटीवर बसून केवढं ऐकवलंत! ही बोर्डो मुलखाची तांबडी वाइन, काबर्ने नावाचं काळं, जाड सालीचं द्राक्ष, नदीकाठच्या खडीत येतं. हिला अंधारात आडवी निजवायची, हलवायची नाही. (खडीत आमच्याकडे वरीसुद्धा धड येत नाही, पण मोठ्यांपुढे मी बोललो नाही.) बाळंतिणीसारखी जपली हो. पण दादा, दर होळीला साहेबाच्या रिकाम्या बाटल्या तुम्हीच आणता, आणि पारू त्यांत कोकमाचं आगळ भरून, बूच मारून, वर मेण लावून ठेवते. तीच बाटली, तेच लेबल, तोच रंग, कणगीमागचा तोच अंधार. आणि पारूचं नाक बंद.

जेवणात सोलकढी झाली. नारळाचं दूध, लसूण, मिरची आणि बोर्डो. कढी अळणी वाटली म्हणून तिने वर मूठभर मीठ टाकलं. मी पहिला घोट घेतला आणि सगळा घोळ ध्यानात आला. आवडी दाराआड उभी होती, उठलो होतो तो पोरीचा चेहरा बघून परत पाटावर बसलो. जैतूबांनी वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आनखी." मग वाटी बाजूला सारून टोपच मागितला. नंतर बायकांत बसून लग्नाचे धवले गायले, गोठ्यात जाऊन आमच्या पवळ्या बैलाला "व्याही" म्हणून मिठी मारली, आणि "कढी लई सात्त्विक हाय" असं म्हणत सुपारी फोडली. मला रडू आलं दादा, आनंदाने.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे. तुमची बाटली जागच्या जागी आडवी आहे, काळजी नसावी.

आपला,
हिरू

ता. क. आडवी आहे, पण रिकामी आहे.

आणखी ता. क. लग्नाच्या पंगतीला हीच कढी पाहिजे, नाहीतर वऱ्हाड वेशीवरून परत, असं जैतूबांनी बजावलं आहे. तेव्हा भाचीकडे बघून साहेबापाशी शब्द टाका आणि वैशाखाआधी बोर्डोची एक पेटी घेऊन या. पारूला काही सांगू नका. कढी आपल्या हाताची, या खुशीत तिची सर्दीसुद्धा पळाली आहे.

शेवटचं ता. क. पत्र टाकायला निघालो तर जैतूबा दारात. मला गोठ्यामागे नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी लागून म्हणाले, "व्याही, येक सांगतो, कुनाला बोलू नका. लग्नाच्या कढीत मीठ घालू नका. मिठानं काबर्ने मरतंय."