कड लागली

५ मार्च १९५१, सोमवार

पक्षाच्या कचेरीत पुन्हा बोलावलं! कॉम्रेड वामोश आज चक्क "बसा" म्हणाला, तेव्हाच ओळखलं, काहीतरी हवंय.

"एतेल्काबाई, टेबल टेनिसची स्पर्धा आपल्या बुडापेस्टात आहे. देशोदेशीचे खेळाडू येणार. बायकांच्या एकेरीचं पदक बाहेर जाता कामा नये. तुम्ही जिंका, देनेश घरी येईल."

माझा नवरा दहा महिने छावणीत खडी फोडतोय आणि हा मेला दात कोरत सौदा करतोय! वर दम — "बाहेर एक शब्द गेला तर विषय संपला."

नाही जाणार. या वहीपलीकडे नाही.

८ मार्च, गुरुवार

सराव. पिरोश्काने मला तिन्ही डावांत धुतलं. "काय गं एती, हात जड झालाय? नवऱ्याशिवाय जेवण उतरत नाही वाटतं?" दुसरी कुणी असती तर थोबाडीत दिली असती. पण पिरी आहे. चौदाव्या वर्षापासून एकाच टेबलावर वाढलोय आम्ही. मग तिनेच डब्यातला खसखशीचा रोल अर्धा तोडून दिला.

तिचा भाऊ लोरांत जानेवारीपासून मिश्कोल्त्सला, पोलादाच्या कारखान्यात. "पत्र येतं का गं?" विचारलं. "आळशी आहे मेला," म्हणाली आणि बॅटचं रबर पुसत बसली. बरंय. तिचा निदान कारखान्यात तरी आहे.

१२ मार्च, सोमवार

दोन फेऱ्या जिंकले. पाय सुजलेत. छत्तिसाव्या वर्षी काय हे! हॉल इतका गार की बोटं काखेत धरून बसावं लागतं.

१४ मार्च, बुधवार

उद्या उपांत्य सामना. समोर पिरी! दुसरी कुणी नव्हती का रे देवा?

सांगून टाकावं का तिला? "पिरी, एवढा सामना सोड." सोडेल ती. पण वामोशला कळलं तर? दोनदा तिच्या दारापर्यंत गेले, दोनदा परत आले.

१५ मार्च, गुरुवार



दोन-दोन डाव झाले. पाचव्यात पिरी २०–१९, तिला एकच गुण हवा. माझा चेंडू लांब गेला. "बाहेर!" पंच ओरडला. संपलं! लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मी बॅट खाली ठेवली. देनेशचा चेहरा समोर आला आणि रडूच फुटलं.

आणि पिरीने बोट वर केलं. "कड लागली."

चेंडू टेबलाच्या तिच्या बाजूच्या कडेला घासून गेला होता, म्हणजे गुण माझा. मला दिसलं नव्हतं. पंचालाही नाही. दिसलं फक्त तिला. मिक्शाकाकांनी आम्हाला खेळ शिकवला तो असाच — ज्याच्या बाजूची कड, त्याने सांगायची, मग काही होवो. न सांगणाऱ्याला ते आठवडाभर टेबलाला हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हापासून आमचं बोट आपोआप वर जातं, डोक्याला विचारत नाही.

पंचाने दोनदा विचारलं, "नक्की?" पिरी स्वतःच्या बोटाकडेच बघत उभी. चेहरा पांढराफटक. दमली असेल, म्हटलं. २०–२०. पुढचे दोन्ही चेंडू तिने जाळीत मारले.

हात मिळवताना म्हणाली, "आता जिंक हं, नाहीतर बघ!" हात बर्फ झाला होता.

वेडी कुठली! एवढा खरेपणा कशाला? पण बरं झालं बाई, वेडी आहे ते.

१६ मार्च, शुक्रवार

जिंकले. पदक गळ्यात घातलं, राष्ट्रगीत वाजलं म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. पिरी कुठे दिसली नाही.

२० मार्च, मंगळवार

कुणी आलं नाही.

२७ मार्च, मंगळवार

जिन्यात पाऊल वाजलं की उठते. वरच्या मजल्यावरचे निघतात. पिरी सरावाला येत नाही. सर्दी झालीय म्हणे.

३१ मार्च, शनिवार

देनेश आला! आला माझा माणूस!

पुढचे दोन दात नाहीत. सूप पिताना वाडगा हाताने झाकून धरतो. छावणीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, काढला तर परत आत — अशा कागदावर सही घेतलीय.

मीच बडबडत सुटले. सामना, कड, पिरीचं बोट. वाटलं, हसेल. त्याने चमचा खाली ठेवला. उठून नळ सोडला, पाणी धो धो वाहू दिलं आणि माझ्या कानाशी आला.

"लोरांत माझ्या शेजारच्या फळीवर झोपायचा. जानेवारीपासून. म्हणायचा, वामोशने ताईला शब्द दिलाय, ती जिंकली की मी सुटणार. अजून आशेवर आहे पोरगा."

१ एप्रिल, रविवार

सकाळी पिरी आली. देनेशसाठी रोल घेऊन. कोटसुद्धा काढला नाही. "देनेश, तिथे ओळखीचं कुणी भेटलं का रे?"

देनेशने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही."

माझ्या बाजूची कड होती. बोट वर गेलं नाही.