सिमेंटखालची बाग

प्रिय दादा,

आधी नीट बसून घे. पाकिटावर माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बावीस वर्षांत माझी तीन पत्रं, तीही काही काम निघालं म्हणून. हे चौथंही कामाचंच आहे. पण या वेळी तुझी बहीण जिंकून आलीये, तेव्हा थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागेल.

राजवाड्याचं संग्रहालय होतंय आणि गिलाव्याचं सगळं काम माझ्याकडे आलं. आबांची मुलगी म्हणून नव्हे हं, चुन्याच्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही म्हणून! जिने झाले, छत झालं, शेवटी राहिली दरबाराची ती भिंत. जिच्यावरची रंगवलेली बाग आबांनी तरुणपणी तीन वर्षं खपून दुरुस्त केली होती आणि राजवाड्यात कचेरी आली तेव्हा साहेबाच्या हुकमावरून जिच्यावर तू सिमेंट फासलंस, तीच. त्या दिवसापासून आबा तुझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मीही त्यांचीच री ओढली. आपल्या घरात वाढून जुन्या भिंतीला सिमेंट लावणारा माझा भाऊ नाही, असं मी चारचौघांत म्हणाले होते.

त्या भिंतीची मी आशाच सोडली होती. सिमेंट एकदा धरलं की रंग घेऊनच सुटतं, हे तुला मी काय सांगू? संग्रहालयाच्या बाई तर पुढे कपाटं लावून ती झाकणार होत्या. तरी म्हटलं, एक कोपरा उकरून बघू. छिन्नी लावली आणि ताटाएवढा तुकडा अलगद हातात आला! मागे कडेला ठोकलेली तारेची जाळी, जाळीमागे मातीचा हात, मातीमागे कापड. खळीनं चिकटवलेल्या आपल्याच निळ्या काठाच्या चादरी! त्या हरवल्या म्हणून आई किती दिवस धोब्याच्या नावानं बोटं मोडत होती, आठवतं? मी फरशीवर फतकल मारून रडले, मग वेड्यासारखी हसत सुटले. कामगार घाबरले बिचारे.

पाच आठवडे ओल्या स्पंजनं आम्ही ते कापड सोडवलं. बाग जशीच्या तशी आहे, दादा. डाळिंबं, पोपट, कारंजं, सगळं. साहेबाला सुगावा लागू नये म्हणून तू तेव्हा गप्प राहिलास, हे कळलं. पण नंतर? आबांनी तुला तोंड उघडू दिलं नाही आणि तूही त्यांचाच मुलगा, मोडेन पण वाकणार नाही. निदान मला तरी सांगायचंस. नाही, मीच विचारायला हवं होतं. माझं चुकलं.

काल आबांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. भिंतीकडे त्यांनी नुसतं पाहिलं. चादरीचा काठ मात्र बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘खळ पातळ केली होती पोरानं. बरोबर केली.’

उद्घाटनाला दरबाराचं कुलूप सगळ्यांत वडील कारागिरानं, म्हणजे आबांनी उघडायचं ठरलंय. आबा म्हणतात, थोरला शेजारी उभा असल्याशिवाय मी किल्लीला हात लावणार नाही. बाईंनी समजावलं, मी समजावलं, पण ऐकतील तर ते आबा कसले! आज सकाळपासून ‘लिहिलंस का, लिहिलंस का’ म्हणून माझं डोकं खाल्लंय त्यांनी. पत्रिका छापायला जायच्यात, दादा, आणि तारखेची जागा अजून कोरी आहे. तू कधी येतोस ते कळव, तीच घालू.

तुझीच,
ठेंगू