लंगड्या लोहाराची नोंदणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

संतापानं लिहितेय. अक्षर वाईट येणार. येऊ दे!

आमच्या ऑनलाइन खेळाच्या कंपनीची सूचना आली. आता म्हणे प्रत्येक पात्राची, घराची, कुऱ्हाडीची ‘खरी मालकी’ आपल्याला मिळणार. म्हणजे एनएफटी, इंटरनेटवरचा मालकीचा दाखला. पात्राची नोंदणी करायची, मग ते क्रिप्टोच्या बाजारात विकता येणार. मुदत तीस तारखेपर्यंत, रविवारी दुपारी बारा. निम्म्याहून कमी खेळाडूंनी नोंदणी केली तर बेत रद्द. निम्म्याहून जास्त झाले, तर ज्यांनी केली नाही त्यांची पात्रं ‘बेवारस समजून बाजारात आणली जातील’.

बेवारस! नऊ वर्षं सांभाळलीय मी माझी तिरंदाज. तिची वेणीसुद्धा मी निवडलीय. आणि तिचा वारस कोण ते हे ठरवणार?

नवरा म्हणाला, "अगं, खेळच आहे ना?" ह्या माणसानं शाळेतली बॅडमिंटनची तुटकी रॅकेट अजून माळ्यावर जपून ठेवलीय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज सातला सगळे जमलो. सगळे म्हणजे चौघं. मी तिरंदाज, दादा लोहार, जखमा बांधणाऱ्या ग्रंथपाल बाई (खऱ्याखुऱ्या ग्रंथपाल, आता निवृत्त) आणि ट्रकवाला, जो गाडी कडेला लावून केबिनमधून खेळतो आणि हॉर्न वाजला की "एक मिनिट हं" म्हणून गायब होतो.

बेटावर धुकं, लांडगे, लाकडं, मासे. दर गुरुवारी तेच. बाहेरच्याला वाटेल, ह्यात एवढं काय!

एवढं काय ते आज लिहून टाकते. दादा माझा सख्खा भाऊ. दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही फोनवर बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, जमतच नाही. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग दोघंही गप्प, आणि कोण आधी ठेवतंय ह्याची वाट बघत बसायचं. पण हाताला काम असलं आणि कानाला हेडफोन, की तोच दादा कितीतरी बोलतो. मीही. आई गेली तेव्हा घरात माणसं होती तोवर आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. आठवड्यानं त्याचा निरोप आला — "ये, लाकडं तोडू." तासभर आम्ही खोटी लाकडं तोडत खरं रडलो.

हा खेळ गेला तर भाऊ राहील, पण बोलणारा भाऊ राहणार नाही. मला त्याची भीती वाटते.

दादाचं म्हणणं वेगळंच! "ठमे, नोंदणी करून ठेवू. विकायचं नाही. कागद आपल्या हातात असलेला बरा." मी म्हटलं, हाच तर डाव आहे. सगळे ‘नुसती करून ठेवू’ म्हणतील आणि कंपनी म्हणेल, बघा, लोकांना हवंच होतं! तो "हं" म्हणाला. दादाच्या ‘हं’मध्ये हो, नाही, बघू, जाऊ दे, सगळं असतं. नऊ वर्षं झाली, मला अजून ओळखता येत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं. उत्तर दोन मिनिटांत — "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." वाचायला तरी दोन मिनिटांहून जास्त लागतात, मूर्खांनो!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये एकाचे वरचे समोरचे दोन दात तिसऱ्यांदा केले. रंग जुळत नव्हता. डॉक्टर म्हणे, "जरा पिवळसर द्या, शेजारचे पिवळे आहेत." माणसाला पांढरेशुभ्र दात नको असतात, आपल्यासारखे हवे असतात. मला हे आवडतं.

जेवणाच्या सुट्टीत लॅब चालवणाऱ्या सरांना एनएफटीचं सांगितलं. सर खूश! "अरे वा, मग विक की! नऊ वर्षांची मेहनत आहे. वेळ वाया घालवलास म्हणायला नको." मी डबा उघडला. उत्तर आत्ता सुचतंय. सर, वेळ वाया घालवायलाच मी तिथं जाते. दिवसभर माझ्या प्रत्येक मिनिटाचा कोणाला तरी उपयोग असतो. तिथं नसतो. तिथंही उपयोग सुरू झाला तर ती कामाची दुसरी पाळी झाली.

हे सरांना तोंडावर म्हणाले असते तर! आपली अक्कल नेहमी घरी आल्यावर चालते.

शेजारच्या टेबलावरची मेणवाली (ती दातांचे मेणाचे साचे करते) मोबाईलवर हिरे जुळवते. पाच वेळा हरलं की ‘आणखी जीव विकत घ्या’ असं येतं. ती म्हणाली, "ताई, मी ठरवूनच घेतलंय, चार वेळा हरले की फोन पर्समध्ये." हिच्याकडून शिकावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी भाषण ठोकलं! लांडगे बाजूला राहिले. म्हटलं, आपण चौघांनी नोंदणी करायची नाही. काही झालं तरी. आपण लहान आहोत, पण थेंबे थेंबे तळे साचे. शब्द द्या.

ट्रकवाला: "दिला. माझा तसाही लिंबूटिंबू गडी आहे." ग्रंथपाल बाई: "दिला बाई, पण मला भीती वाटते."  दादाच्या हातोड्याचे आवाज येत राहिले. मी म्हटलं, "दादा?" म्हणाला, "माझा लोहार गेला तर वाईट वाटेल मला."

त्याचा लोहार लंगडतो. पहिल्या वर्षी प्रोग्राममध्ये चूक होती, काही पात्रांचा डावा पाय फरपटायचा. कंपनीनं दुरुस्ती आणली, सगळ्यांनी घेतली, ह्यानं नाही. "राहू दे, ती त्याची चाल आहे." दिवसभर बंद पडलेल्या लिफ्ट सरळ करणारा माणूस एवढं एक वाकडं ठेवून बसलाय.

मी म्हटलं, "नाही जाणार. आपण जिंकू." मग तो म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर. दिला शब्द."

मला इतका आनंद झाला की एका सशाला चार बाण मारले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाईट गोष्ट झाली आणि ती इतकी लहान आहे की कोणाला सांगताही येणार नाही.

आता प्रत्येक वस्तूशेजारी बाजारभाव दिसतो. नोंदणी करा, न करा. गुहेत आज निळा कंदील सापडला. आमच्यात रीत अशी की सापडलेली वस्तू ज्याला लागते त्याला. नऊ वर्षांत एकदाही वाद नाही. "तुला लागतोय? घे." संपलं. आज कंदील पडला, शेजारी आकडा चमकला आणि चौघंही जागच्या जागी थांबलो. तीन सेकंद असतील. मीही आकडा वाचला! मग ट्रकवाला म्हणाला, "बाईंना लागतोय. घ्या की." बाईंनी घेतला. आणि म्हणाल्या, "मी विकणार नाही हं."

कोणी विचारलं होतं?

 ट्रकवाला हॉर्न न वाजताच गेला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नोंदणीचा आकडा शेहेचाळीस टक्के. निम्म्याच्या आत! उद्या बारापर्यंत टिकलं की झालं. नवऱ्याला तीनदा सांगितलं. म्हणाला, "निवडणुकीच्या निकालाला एवढी जागली नाहीस कधी."

३० नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते. इथं तरी खोटं नको.

सकाळी नऊला एकोणपन्नास. साडेनऊला एकावन्न. दहाला चोपन्न! सगळे शेवटच्या घटकेची वाट बघत बसले होते. अकराला अठ्ठावन्न. हरलो. पन्नासच्या खाली परत येणं शक्यच नव्हतं, नोंदणी मागे घेता येत नाही.

मी माझ्या तिरंदाजकडे बघत बसले. ती नेहमीसारखी थंडीनं हात चोळत होती. बाराला ही बेवारस. कोणीतरी हिची वेणी कापणार. मनात आलं, बेत तर पार पडलाच आहे. आता माझ्या एकटीच्या न करण्यानं काय फरक पडतो? कोणाचं काय बिघडतं?

अकरा वीसला नोंदणी केली. एक बटण. अर्धं मिनिटही लागलं नाही.

आणि मग फोन हातात घेतला. दादाला सांगायला हवं होतं — कर, तूही कर, मी शब्द परत घेते. नंबर काढला. काय बोलू? ‘दादा, मी केली’? कुठल्या तोंडानं सांगू? वाटलं, तो व्यवहारी माणूस आहे, त्यानं केलीच असेल. वाटलं, पाच मिनिटांनी करते. कुकर लावला. तो लावायची काही गरज नव्हती, भात सकाळचा होता. बाहेर आले तर बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

लोकांना सांगे ब्रह्मज्ञान. चार पानी पत्र, भाषण, शब्द द्या म्हणे! माझी मलाच शिसारी आलीय.

१ डिसेंबर, सोमवार

आमच्या चौघांच्या गटावर ग्रंथपाल बाईंचा निरोप: "माफ करा. मी सकाळीच नोंदणी केली. राहवलं नाही." ट्रकवाल्याचा: "माझा गेला. चला, भेटू कधीतरी." दादाचं काही नाही.

मी काही लिहिलं नाही. बाईंना निदान उघडपणे लाजायची हिंमत आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

सातला गेले. सवयीनं. बेटावर कोणी नव्हतं. मग धुक्यातून दादाचा लोहार आला. तोच टकलू, तोच चामड्याचा पट्टा, डावा पाय फरपटत. मी ओरडलेच — "केलीस ना! केलीस! मला वाटलंच होतं!"

"सॉरी, कोण?" पातळ, परका आवाज. "मी हे मंगळवारी घेतलंय."

माणूस सभ्य होता. उगाच सभ्य होता. सांगत बसला — जुन्या चुकीमुळे लंगडणारी पात्रं आता फार थोडी उरलीत, म्हणून भाव चढणार, सहा महिन्यांत काढून टाकणार. "तुम्ही आधीच्या मालकांच्या ओळखीच्या का?"

म्हटलं, "बहीण."

"अरे वा," म्हणाला. आणि लोहाराला गोल गोल पळवून दाखवला. चाल कशी वाटते बघा म्हणून! मी हेडफोन काढून टाकला.

५ डिसेंबर, शुक्रवार

दादाचा निरोप. "लोहार गेला. पहिल्यापासून सुरू करतोय. येतेस?"

मी लिहिलं, "हो. माझीही गेली."

बोटांनीच लिहिलं ते. मला विचारलंसुद्धा नाही.

त्याचं उत्तर: "हं."

११ डिसेंबर, गुरुवार

दोघंच. नवी पात्रं, अनवाणी, हातात एकेक काठी. किनाऱ्यावर खेकड्यांनीच मारलं आम्हाला. दोनदा! दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग बोलत राहिला. कुठल्या इमारतीत दर आठवड्याला एक म्हातारे लिफ्टमध्ये मुद्दाम थांबवायचं बटण दाबून अडकतात आणि ह्याला बोलावून घेतात, गप्पा मारायला. आईचा विषय निघाला. ती आम्हाला दोघांना एकाच ताटात वाढायची आणि मधे बोटानं रेघ काढायची, ते आठवलं.

त्याचा नवा गडी सरळ चालतो. "कसंतरीच वाटतं," म्हणाला. "सवय होईल."

मी इतकी सुखात होते आणि सारखं मनात तेच येत होतं. तो नव्यानं सुरू करतोय, कारण त्याला वाटतंय दोघांचं गेलं. माझी ती तिकडे उभी आहे, उबदार कोट घालून!

१४ डिसेंबर, रविवार

नवरा झोपला होता दुपारी. तिरंदाजला बघून आले. दोन मिनिटं. चोरासारखी. ती माझी आहे असं आता कायद्यानं लिहिलंय, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

सांगितलं नाही तर आमचं बोलणं पुन्हा फोनसारखं होईल. सांगितलं तर कदाचित बोलणंच राहणार नाही. गुरुवारी सांगणार. सांगणारच.

१८ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं. लाकडं तोडता तोडता, एका दमात. बटण, फोन, कुकर, सगळं.

कुऱ्हाडीचे दोन घाव पडले. मग म्हणाला, "ठाऊक आहे."

"कसं?"

"त्या नोंदी सगळ्यांना उघड्या असतात गं, वेळेसकट. मीही सकाळपासून आकडा बघत बसलो होतो. अकरा वीसला तुझं नाव आलं."

म्हणजे चाळीस मिनिटं होती त्याच्याकडे! "मग तू का नाही केलीस, दादा?"

"मी शब्द दिला होता ना."

माझी कुऱ्हाड थांबली.

"रडतेस काय, ठमे," तो म्हणाला. "डावीकडून लांडगा येतोय."