बेंबीजवळचा टाका

राजापेठ, अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषास, ताईचे आशीर्वाद आणि थोडा राग.

फोन केला की तुझे मोरोपंत स्पीकरवर टाकून स्वतःच बोलतात, म्हणून पत्र. पित्ताशय काढून आठवडा झाला, मग बेंबीजवळचा टाका लाल कसा? दुर्बीण एक आणि दिवसभरात पोटं किती, हे विचारलंस का? ती नीट निर्जंतुक करतात, की नुसती पुसतात? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमची नखं बघून वर्गात घ्यायच्या. तुझ्या डॉक्टरांची कोणी बघितली? त्यांच्या हाती पुन्हा पोट देऊ नकोस.

काळजीनं चिडलेली,
विमलताई

अकोला
५ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार, पण उभ्यानंच. वाकायची मनाई आहे.

टाक्यातून आता चिकट पाणी येतं, अंगात कणकण असते. पट्टी कोरडी ठेवा, हात लावू नका, लाली दिसली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी निघालेही होते, यांनी अडवलं. म्हणाले, ताईंचं बरोबर आहे, त्या दवाखान्याचा भरवसा नाही. लग्नापासून पहिल्यांदा ते तुझ्या बाजूनं बोलले ग!

राग कमी, लोभ जास्त कर.
मंजू

अमरावती
६ फेब्रुवारी

मंजू, आशीर्वाद नंतर.

शेजारची श्रावणी नोकरीसाठी रोज अकोल्याला जाते, काल तुझं पत्र तिनंच आणलं, तिच्याच हाती हे देते. मोरोपंत आणि माझ्या बाजूनं? डॉक्टरांनी काहीतरी बघू नये, असं त्यांना वाटतंय. डॉक्टरांवरचा माझा संशय आहे तिथेच आहे, पण नवऱ्यावरचा त्याहून मोठा. कणकण आणि पाणी ही थट्टा नव्हे. ऑटो बोलाव, आत्ता.

विमलताई

अकोला
७ फेब्रुवारी

ती. ताईस पुन्हा उभ्यानंच नमस्कार.

श्रावणीच मला घेऊन गेली, हेही मागून आले. डॉक्टरांनी पट्टी काढताच विचारलं, हिंगाचा वास कुठून येतोय? हे पंख्याकडे बघायला लागले. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्यानं खांदा दुखतो, एवढं यांनी ऐकलं होतं. मी गोळी घेऊन झोपले की पट्टी उचलून बेंबीत हिंगाचा लेप! म्हणे, पोराले लावत होतो, तर तुले काहून नाही?

एक टाका उघडून पू काढला, औषध बदललं. उशीर केला असता तर आत पसरलं असतं, हे ऐकून यांचा चेहरा उतरला. आता शेजारी बसून विनवून राहिले की ताईले कळवू नको. म्हणून सगळं सविस्तर लिहिलं.

लोभ दोघांवरही असावा, यांच्यावर थोडा कमी चालेल.
तुझी मंजू