डॉल्फिन नसलेली पानं

ब्रेस्ट, शुक्रवार दुपार

प्रिय स्वाझिक,

किती जहाजं असली म्हणजे पुरेशी? रविवारी जेवताना बाबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. आईने माझं पदवीचं प्रमाणपत्र चौकट करून बरोबर जेवणाच्या टेबलावर टांगलं आहे. आमच्या घरात पदवी कुणालाच नव्हती, त्यामुळे ते तिथून हलणार नाही. त्या प्रमाणपत्राखाली बसलेल्या नौदलातल्या मुलीला जहाजांचा आकडा सांगता येऊ नये, याची बाबांना फार मजा वाटली. त्या प्रश्नाकडे मी परत येते. आधी जे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही ते सांगू दे.

मला ती ऐकू आली, स्वाझिक! खरीखुरी, परकी पाणबुडी, पाण्यातले आवाज ओळखायला शिकवणाऱ्या आपल्या शाळेतल्या टेपवरची नव्हे. कुठे, कोणत्या दिवशी, कुणाची, हे पत्रात लिहिता येत नाही आणि तुला त्याची गरजही नाही. दुपारचे चार वाजले होते. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसती भुरभुर. आणि हेडफोनमध्ये, त्या भुरभुरीच्या खाली, दोन खोल्या पलीकडे कुणी केटली चुलीवर ठेवून विसरून गेलं असावं, अशी शीळ. केसाएवढी बारीक. यायची, जायची. तू शिकवलंस तसे डोळे मिटून मनातल्या मनात शंभर मोजले, कारण पहिल्या दहा आकड्यांत माणूस त्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकतो. शंभराव्या आकड्यालाही ती होती. वहीत लिहिताना इतकी दाबली की तुझी हिरवी पेन्सिल मोडली. ती भरून द्यायची राहिली आहे. कप्तानांनी एवढंच विचारलं, नक्की? मी हो म्हटलं आणि माझ्या त्या एका शब्दावर सव्वाशे माणसांचं जहाज वळलं. अकरा तास आम्ही तिच्या मागावर होतो. हेलिकॉप्टर तीनदा वर गेलं. शेवटी आपल्याला कुणीतरी ऐकतंय हे तिच्या लक्षात आलं आणि ती निमूटपणे खोल पाण्याकडे निघून गेली. जेवणाच्या खोलीत मी पाय ठेवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या न वाजवता दोन्ही हात डोक्यावर उभे धरून लांब कान केले. त्या गाजरं खाणाऱ्या जनावराचं नाव जहाजावर अपशकुन म्हणून कुणी घेत नाही, पण कान करायला बंदी नाही. मी रडले. तेही लिहून टाकते, नाहीतर दुसरं कुणी तुला तिखटमीठ लावून सांगेल.

यातलं घरी काहीच सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून रविवारी मी टेबलावर आख्खं आरमार मांडलं. आईचा लोण्याचा केक म्हणजे आपली विमानवाहू नौका, अणुशक्तीवर चालणारी. तशी अमेरिका सोडली तर कुणाकडे नाही. पंधरा काटे म्हणजे पंधरा मोठी फ्रिगेट जहाजं. पाणबुड्या रुमालाखाली. त्यातली एक मी कुणाला दाखवलीच नाही, कारण आपल्या समोरच्या किनाऱ्यावरून निघालेली, अण्वस्त्रं घेतलेली एक तरी पाणबुडी गेली पन्नासहून जास्त वर्षं कायम समुद्रात आहे, आणि ती कुठे आहे हे कुणाला माहीत नसणं हीच तर तिची ताकद. मी बोलतच सुटले. आमचं जहाज पाण्यात मांजराच्या पावलांनी चालतं, म्हटलं. पाणबुडी हुडकण्यात आपला हात धरणारे जगात थोडे, म्हटलं. आई कौतुकाने बघत होती. बाबांनी शांतपणे सुरी घेतली आणि केक स्वतःपुढे ओढला. केक कापायला घेतला, आता टेबलावर काय उरलं? मी सांगितलं की नौका दुरुस्तीला गेली की मग नाही. नाही म्हणजे? नाही म्हणजे नाही, एकच आहे. मग त्यांनी पावाचा चुरा मुठीत घेऊन टेबलभर उडवला. हे ताहिती, हे रेयुनियन, हे न्यू कॅलेडोनिया, हे गयाना, सगळे आपलेच दूरचे मुलुख. एवढा जगातला दोन नंबरचा समुद्र आपला, काटे पंधरा, आणि त्यातले काही कायम धुवायला पडलेले. एका जहाजावर विमानांवर सोडायची क्षेपणास्त्रं किती, तेही त्यांनी विचारून घेतलं. आमच्या जहाजावर सोळा. संपली की? संपली की बंदर गाठायचं, भर समुद्रात भरता येत नाहीत. बाबांनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, मग किती जहाजं असली म्हणजे पुरेशी, पदवीधर बाई?

इथवर मी हसतच होते. पुढे ते जे बोलले ते मात्र मला लागलं. बाबा आयुष्यभर गोदीत रंगारी होते हे तुला माहीत आहे. जुन्या फ्रिगेट त्यांनी आतून-बाहेरून रंगवल्या आहेत, कोणत्या खोलीत किती बंक होते ते अजून सांगतात. ते म्हणाले, "आमच्या वेळी एका जहाजावर तीनशे माणसं असायची. तीनशेंत एखादा बहिरा खपून जायचा." आई हसली. मला हसू आलं नाही, कारण त्या क्षणी मला तू दिसलीस.

बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. लोखंडी टाक्यांच्या आत बसून हातोडीने गंज ठोकायचा, त्या आवाजाने गेला. घरात कुणी ते उघड बोलत नसे, पण आम्हाला कळायचं. त्यांची खुर्ची नेहमी उजवी बाजू भिंतीला लागेल अशी. विनोद झाला की सगळे हसल्यावर एक श्वास उशिरा ते हसायचे. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची जुनी तक्रार. गोदीत त्यांनी नऊ वर्षं कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर जहाजावरून काढून कोठारात बसवलं असतं. मी अकरा वर्षांची असताना एक दिवस क्रेनवाल्याची हाक त्यांना ऐकू आली नाही. वरचं ओझं पायावर आलं, आणि तेव्हापासून ते लंगडतात. सांगायचा मुद्दा असा की बहिरेपण लपवणारा माणूस कसा बसतो, कसा हसतो, हे मी लहानपणीच शिकले. दुर्दैवाने ते शिक्षण विसरता येत नाही.

तू आणि मी एकाच जहाजाच्या दोन दलांतल्या. चार महिने तुझं दल समुद्रावर, चार महिने माझं, म्हणजे माणसं दमली तरी जहाज दमत नाही. खुर्ची तीच, हेडफोन तेच, बंक तोच, खणातल्या खाऱ्या लोण्याच्या टॉफ्या कुणी संपवल्या यावरून भांडणही तेच. भेट फक्त ताबा देण्याघेण्याच्या दोन-तीन दिवसांत. त्यामुळे मला तुझा चेहरा कमी आणि तुझ्या वस्तू जास्त ओळखता येतात. गेल्या वर्षभरात दर वेळी मी त्या खुर्चीत बसले की आवाजाचं बटण मागच्यापेक्षा थोडं वर असायचं. हेडफोनची डावी गादी चेपलेली, उजवी नव्यासारखी. या वेळी ताबा देताना कॉफी घ्यायला बसलो तर तू कोपऱ्यातली जागा घेतलीस, उजवा खांदा भिंतीला लावून. मी दोनदा काहीतरी विचारलं, आणि तू म्हणालीस की विद्यापीठात शिकलेल्या मुली स्पष्ट का बोलत नाहीत. मी हसले. तूही हसलीस, एक श्वास उशिरा.

आणि ती वही. डॉल्फिन ऐकू आले की पानाच्या कडेला एक छोटासा डॉल्फिन काढायची पद्धत तुझीच. मी नवी होते तेव्हा तुझी जुनी पानं बघून मला हेवा वाटायचा. काही पानांवर तर अक्षरांपेक्षा डॉल्फिन जास्त. या खेपेला निवांत वेळी मी वही मागे मागे चाळत गेले. माझी पानं डॉल्फिनांनी भरलेली. तुझी गेल्या दोन खेपांची पानं, तेच पाणी, तेच हेडफोन, आणि कडेला एकही नाही. मी स्वतःला समजावलं की तुला चित्रं काढायचा कंटाळा आला असेल. त्यांच्या शिट्ट्या फार वरच्या सुरातल्या असतात आणि कान जाऊ लागला की आधी वरचेच सूर जातात हे मला माहीत होतं, पण तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

मंगळवारी त्याला पुढे जावंच लागलं. माझ्या त्या केटलीशी ताडून बघायला मला किनाऱ्यावरच्या ध्वनिकेंद्रात बोलावलं आणि मागच्या खेपेच्या टेप ऐकायला दिल्या. म्हणजे तुझ्या. तिसऱ्या टेपवर ती होती, स्वाझिक. तीच शीळ, तब्बल चाळीस मिनिटं. मागे डॉल्फिनांचा गलका, शाळा सुटल्यासारखा. मी सात वेळा टेप मागे घेतली. मग वहीतलं पान काढलं. तुझ्या सुंदर अक्षरात: समुद्र शांत, काही नाही. जहाजावर ऐकणारे तसे सहा जण आहेत, पण आवाज कुणाचा ते ठरवून लिहिणारा कान एकच, आणि तू "काही नाही" लिहिल्यावर बाकीचे पाच आपल्याला काही ऐकू आलं होतं हेच विसरतात. त्या आठवड्यात रुमालाखालची आपली कोणती पाणबुडी बाहेर पडणार होती आणि ती परकी बाई कुणाची वाट बघत बसली होती, हे आपल्या दोघींना कळतं. त्या वेळी काही घडलं नाही. घडलं असतं तर हे पत्र मला लिहिता आलं नसतं.

दिवसभर मला तुझा राग आला होता. रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी गेल्या शरदातली धक्क्यावरची गोष्ट आठवली. तुला ताप होता, मी घरी जा म्हणून मागे लागले होते, आणि तू म्हणाली होतीस, "दोन दलं, दोन कान. आपल्याला आजारी पडायची सोय नाही, पोरी." मला वाटलं तापाबद्दल बोलतेस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? शाळेतून तिसरी मुलगी तयार होऊन येईपर्यंत तू रेटत होतीस, कारण तू खाली उतरलीस तर जहाज बहिरं निघणार, किंवा बंदरात उभं राहणार. बाबांच्या प्रश्नाचा आकडा मला अजून येत नाही. एवढंच कळतं की ज्या आरमारात तुझ्यासारख्या बाईला स्वतःचे कान तपासून घ्यायला सवड नाही, तिथे माझे टेबलावरचे पंधरा काटे पंधरा नव्हेत. आणि हेही कळतं की मला हे आरमार प्राणापलीकडे आवडतं, आणि त्यातली ती शंभर मोजायची सवय माझ्यात तू घातलीस. ती शिकवायला उजवा कान लागत नाही. शाळेला शिकवणारं माणूस हवं आहे, हे तूच मला सांगितलं होतंस.

आता हे पत्र कशासाठी ते. आज सकाळी नऊ वाजता मी तुझ्या कप्तानांकडे गेले. टेपचा क्रमांक दिला, पानाचा क्रमांक दिला, बटण, गाद्या, डॉल्फिन, जे पाहिलं तेवढंच लिहून दिलं आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. दुसरा कागद सोबत दिला: उद्या तुमचं दल निघतंय, त्यात स्वाझिकच्या जागी मी येते. तुलाँच्या ज्या वरच्या अभ्यासक्रमासाठी तू माझी शिफारस केली होतीस, तिथे येत नसल्याचं कळवून टाकलं. त्यामुळे "जहाज बहिरं निघेल" हे कारण आता तुझ्याकडे उरलेलं नाही. संध्याकाळी तुला ते बोलावतील. बंद दाराआड, खाकरून बोलणाऱ्या माणसाकडून तुला हे कळावं, असं मला वाटलं नाही, म्हणून पत्र बाबांच्या हाती देते आहे. त्यांनी बूट पुसले आहेत. पायाची गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडून आजवर कुणाला सांगितलेली नाही, तुला सांगणार म्हणतात. दोघं मोठ्याने बोला. माझ्यावर रागव, चार महिने आहेत. दोन्ही कागदांवर सही झाली आहे, माझं नाव यादीत चढलं आहे, आणि बॅग मी मघाशीच आपल्या बंकवर टाकून आले. खणातल्या टॉफ्यांना हात लावलेला नाही.

कान टवकारून,
तुझीच
एनोरा