गाईडला लागणारे नशिबाचे इंग्रजी शब्द

५ जानेवारी
नदीकाठच्या रिसॉर्टला जंगल दाखवायला गाईड हवाय. पंचवीसला ट्रायल. पाहुणे बहुतेक बेंगळूरचे, इंग्रजी बोलणारे. जंगल मला पाठ आहे, इंग्रजी तेवढं बाकी. तुळजा म्हणाली, अवं, ह्या बारीला न्हाई जमलं तर माझ्या भावाकडं, परशूकडं मडगावला जावा, त्येच्या हॉटेलात भांडी घासायला माणूस पायजे. बायको घाबरट आहे. मी आपलं जोयडा गाव सोडणार नाही.

६ जानेवारी, सकाळी ६
प्लॅन तयार. जंगलात पाहुण्याला काय लागतं? नशीब. म्हणून फक्त नशिबाचेच शब्द शिकायचे. रोज दहा. डिक्शनरी आणली.

६ जानेवारी, सकाळी ६.३०
इंग्रजीत एवढे शब्दच नाहीत. रोज एक पुरे.

८ जानेवारी
लक: आपोआप येतं. फॉर्च्यून: हेही येतं, पण मोठं असतं आणि मुक्कामाला राहतं. तुळजाला फरक समजावला. म्हणाली, आपल्याकडं दोनी न्हाईत, फरक कळून काय करायचं? शिकायची आवडच नाही.

११ जानेवारी
विंडफॉल: वाऱ्यानं पडलेलं फळ, म्हणजे अचानक झालेला लाभ. आपल्याकडं पडलेलं फळ माकडं नेतात. इंग्रजांकडं माकडं नसावीत.

१४ जानेवारी
संक्रांत. सुट्टी.

१५ जानेवारी
सुट्टी वाढवली.

१७ जानेवारी
शेजारचे लखूकाका विचारत होते, यंदा भात कसं काय? यंदासारखं भात दहा वर्षांत झालं नव्हतं. मी म्हणालो, बेताचंच हाय. चांगलं झालेलं कबूल केलं की दृष्ट लागते, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत यासाठी नेमका शब्द सापडला. फ्लूक: आपली काही हुशारी नाही, चुकून झालं. अतिशय नम्र शब्द. हाच वापरणार.

२१ जानेवारी
सेरेंडिपिटी: न शोधता काही चांगलं गवसणं. पाठ करतोय, चार दिवस झाले. एवढा लांब शब्द म्हणेपर्यंत जनावर थांबत नाही. रद्द.

२४ जानेवारी
तयारी पूर्ण. वरच्या वाडीचा नागेशही ट्रायल देणार आहे. त्याला इंग्रजी दोनच शब्द येतात, कम आणि लुक. कीव आली. पुढं हाताखाली घेईन.

२५ जानेवारी, दुपारी
उत्तम झालं. पाहुण्यांना पहाटेच मोठ्या वडाकडं नेलं. वड पिकलाय, धनेश येणार, हे मला आठवडाभर माहीत होतं. अकरा धनेश! वाटेत गवा. पाहुणे खुळावले. एका बाईंनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? डोक्यावर अकरा पक्षी बसलेले, तिथं मी कबूल करतोय होय! म्हणालो, फ्लूक, मॅडम. रोज येतात का? नो मॅडम, नेव्हर. आणि गवा? बिग फ्लूक. मॅनेजरसाहेबांनाही तेच सांगितलं. एकदाही अडखळलो नाही. साहेब बराच वेळ माझ्याकडं बघत होते. छाप पडली.

२८ जानेवारी
नागेशला घेतलं. त्याच्या ट्रायलला एक खार दिसली होती. साहेब म्हणाले, पक्षी कुठं बसतात हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर पाहुणे कसे सोडायचे? मला ठाऊक होतं. फार वाईट वाटलं. तुळजा म्हणाली, मग ठावं हाय म्हणून सांगायचं न्हाई व्हय? मी विचारलं, पक्षी समोर असताना तू सांगितलं असतंस? मग म्हणाली, न्हाई.

२ फेब्रुवारी, बसमध्ये
मडगावची गाडी. पंधरा दिवस काढायचे, नंतर साहेब स्वतःच बोलावतील. गाडी खच्चून भरलेली, तरी खिडकीची जागा मिळाली. डिक्शनरीप्रमाणे हे लक. तुळजा स्टँडवर उभी होती. खिडकी पलीकडच्या बाजूची निघाली. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती, असं आत्ता फोनवर म्हणाली.