एकशे बारा कुंड्या आणि घासलेली झारी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना करीत आहे. माझ्यावर दबाव आणायची या घरात कोणाची छाती नाही, हेही नोंदवून ठेवावे.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला आणि मुलीला निम्मी-निम्मी. यावरून भांडू नये. भांडण्याजोगं जे काही आहे ते गच्चीवर आहे.

कलम २. गच्चीवर एकशे बारा कुंड्या आहेत, आणि त्यातली एकही मी दुकानातून आणलेली नाही. भंगाराच्या ढिगातून, पाडायला काढलेल्या घरांतून चाळीस वर्षं वेचलंय सगळं. त्यात चिनी मातीच्या एकोणीस बरण्या. प्रत्येकीच्या बुडाला भोक मी स्वतः पाडलं, हाताने फिरवायच्या ड्रिलने, वरून पाण्याची धार सोडत, एकेका भोकाला अर्धा दिवस. एकही बरणी फुटली नाही! जुन्या वस्तूंचा दुकानदार "बाई, शिकवा हो" म्हणून मागे लागला होता. नाही शिकवलं. ते ड्रिल मुलीला. तिने ते नवऱ्याच्या हाती देऊ नये.

कलम ३. शिवणयंत्राचा ओतीव लोखंडी पाय, ज्यावर फर्न ठेवले आहेत, तो नातीला. त्याला रंग फासायचा नाही. गंज दिसला तर तेलाचा बोळा फिरवावा, बस्स.

कलम ४. निगा. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालावे. ओल लागली तर पाणी घालू नये. हे मी मुलाला तीस वर्षं सांगतेय. "रोज घातलं ना गं आई पाणी!" असं छाती फुगवून सांगत त्याने माझी अर्धी निवडुंगं सडवली. लेकरू गुणी आहे, पण झाडं त्याच्या हाती देऊ नयेत.

कलम ५. सबब सगळी झाडं, कुंड्यांसकट, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला.

वाचून सगळ्यांचे डोळे पांढरे होतील. आम्ही दोघी नऊ वर्षं बोललेलो नाही. माझी तांब्याची जुनी झारी होती, तिच्यावर साठ वर्षांची हिरवी झाक चढलेली. मी गावाला गेले असताना जावेने लिंबू-मीठ लावून ती लखलखीत घासून ठेवली, मला बरं वाटावं म्हणून. मी पाहुण्यांसमोर तिला नको नको ते बोलले. त्या दिवसापासून तिने वर पाऊल टाकलं नाही, असं मी समजत होते.

यंदा माझं खुब्याचं हाड मोडलं. चाळीस दिवस दवाखान्यात होते. परत आले तर एकही झाड गेलेलं नाही, आणि प्रत्येक कुंडीत बोटाचं भोक, बरोब्बर दुसऱ्या पेराएवढं. मुलाला धारेवर धरलं तेव्हा म्हणाला, "काकू यायची रोज. मला झारीला हात लावू दिला नाही. तुला सांगू नको म्हणाली."

"का रे?"

"म्हणाली, ताई पुन्हा ओरडतील."

मी त्या दिवशी खूप रडले. माझ्याइतका झाडांना मानवणारा हात या घरात कोणाचा नाही, अशी माझी घमेंड होती. तिचा आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

~~झारीही तिलाच. चूक माझी होती, हे माझ्या पश्चात वकीलसाहेबांनी तिला वाचून दाखवावे.~~

वकीलसाहेब मसुदा वाचताना इथे थांबले आणि म्हणाले, "अहो, त्या खाली कपडे वाळत घालतायत. माझं काम कशाला वाढवता?"

वरील दोन वाक्ये मी स्वतःच्या हाताने खोडली आहेत. बाकी सर्व कायम. सह्या झाल्या की मी खाली जाणार आहे. जिना उतरायला मला वेळ लागतो, कोणी हात धरायला येऊ नये.

स्थळ: राहत्या घराची गच्ची
दिनांक: चौदा नोव्हेंबर, सकाळी साडेदहा
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: समोरचे चष्मेवाले. सही केली.
साक्षीदार २: हाडांच्या डॉक्टरीणबाई. सही केली. जिना उतरायला माझी परवानगी नव्हती. बाईंनी ऐकलं नाही. खालचं दार उघडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.